बाहुलीच्या अंगावरचे टाके

कुंदाताई, कार्मेन आज चार वाजता येणार आहे. आत्ता साडेअकरा वाजलेत. मी तुझ्या हॉलमध्ये तुझ्याच मशीनसमोर बसले आहे आणि तिची बाहुली माझ्या पुढ्यात आहे, अंगात दोन परकर, तिसरा बाजूला. तो काळा, लाल-हिरव्या काठाचा, तू टिचबटण लावायला म्हणून काढून ठेवलास आणि तसाच राहिला. तुला जाऊन बारा दिवस झाले. भाऊजी आणि तुझा समीर तुला घेऊन चिपळूणला गेले, जाताना फ्लॅटची किल्ली माझ्याकडे दिली आणि तुळशीला पाणी घाल म्हणाले. पाणी घालते. मग उगाच इथे या बाहुलीकडे बघत बसते.

तिला काय सांगायचं ते चार वाजेपर्यंत मला ठरवायचंय. आपलं भांडण अर्धंच राहिलं आणि तू निघून गेलीस. ही तुझी जुनीच खोड. वाद रंगात आला की गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून उठायचीस. मी चरफडत बसायचे, आणि दहा मिनिटांनी तू पोह्यांची बशी घेऊन यायचीस, जसं काही बोलणं झालंच नव्हतं. या खेपेला मी फारच वाट बघितली बघ.

कार्मेन पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो? बाहुली पोटाशी धरून आली होती, दवाखान्यात तापलेलं पोर आणतात तशी. पार दूरदेशीच्या कुस्को शहराजवळच्या कुठल्याशा डोंगरातल्या गावची ही बाई, नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला येऊन पडलेली. मुलीच्या शाळेत देशोदेशीचं टेबल मांडायचं होतं, त्यासाठी तिला तिच्याकडच्या वेषातल्या दहा बाहुल्या हव्या होत्या. इथे आपल्या दार्सैत भागात एक बाई फार बारीक शिवते, असं तिला कुणीतरी सांगितलं. ती बाई तू. मी आपली शेजारीण, कापायला आणि बोलायला. इंग्लिश माझ्याकडे, हात तुझ्याकडे, असा आपला कारभार.

तिनं बाहुली टेबलावर ठेवली. दीड वीत उंच, कापडाची, आत मेंढीची लोकर भरलेली. तिला अजून धुराचा वास येत होता. डोळे काळ्या दोऱ्याचे, पाठीवर दोन वेण्या, टोकाशी एकत्र बांधलेल्या. लाल आखूड कोट, खांद्यावर विणलेली शाल, ती पुढे टाचलेली, डोक्यावर ताटलीसारखी चपटी टोपी, तिला झालर. आणि एकावर एक तीन परकर. ही माझ्या आईनं माझ्यासाठी केली, कार्मेन म्हणाली, आई आता नाही. तू दोन्ही हातांनी बाहुली उचललीस, उलटीसुलटी केलीस आणि म्हणालीस, "अगो, ही तर आपली ठकी!"

"ठाकी?" कार्मेन म्हणाली.

"ठकी. ठ. जीभ लाव वर." आणि मला, "नीते, सांग तिला, एवढे तीन-तीन परकर घालून मस्कतच्या उन्हात ही मरेल म्हणावं."

ते मी सांगितलं नाही. तुझ्या निम्म्या बोलण्याचं भाषांतर मी करतच नव्हते, हे तुला ठाऊक होतं का? असणारच.

पहिली बाहुली तू केलीस तिची शाल डाव्या खांद्यावरून सोडलीस, पदरासारखी. कार्मेन हसून हसून रडायची बाकी राहिली. तिच्याकडे शाल दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढे छातीवर टाचतात. तू नाक उडवलंस, "पन्नास वर्षं पदर डावीकडून घेतेय, हाताला कोण समजावणार!" मग रुवीच्या बाजारात लोकर आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "सिस्टर, ये वाला रेड खलास. नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." तू त्याला मराठीतच विचारलंस, "इन्शाल्ला म्हणजे येणार का नाही येणार, ते नीट सांग बाबा." तो हसला आणि आतून दोन लडी काढून दिल्या. तुझ्याबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची, ताई, आणि तुझ्याशिवाय गेले की दुप्पट वेळ लागायचा.

अडलं ते परकरापाशी. त्या चुण्या कमरेला कशा बसवल्या आहेत ते दिसेना, कारण तिन्ही परकर बाहुलीच्या अंगावरच शिवून टाकलेले होते. लाल दोऱ्याचे तिरपे टाके, थेट पोटाच्या कापडात घातलेले. तू तासभर चष्मा वरखाली करत बसलीस. मला अमेरातला एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला जायचं होतं, टॅक्सी खाली येऊन उभी होती. चपला घालता घालता मी म्हणाले, "उसवून बघ ना. परत घालू टाके, कुणाला कळतंय?"

हे मी म्हणाले. हे असं इथे लिहायला मला बारा दिवस लागलेत.

आपलं शिवणकाम असंच शिकलेलं. नवा नमुना आला की उसवायचा, बघायचा, परत शिवायचा. कुणाच्याही ब्लाउजला आपण हेच करतो. मला वाटलं, तू दोन-चार टाके काढशील. चार तासांनी परत आले तर तिन्ही परकर सुटे. ब्लेडनं एकेक टाका काढलेला, कापडाला कुठे खरचटलंसुद्धा नाही. लाल दोऱ्याचे तुकडे वाटीत जमवून ठेवलेले. आणि दोन परकरांना इवलाली टिचबटणं लावून झालेली. तुझा चेहरा असा उजळलेला, जसं काही कुणाची सुटका करून आलीस.

"बघ," तू म्हणालीस, "मोकळी झाली पोर."

ते ऐकून मी कपाळाला हात लावला. कारण तुझं ते शास्त्र मला पाठ होतं. अंगावरचं कापड शिवायचं नाही. अंगावर शिवतात ते मेलेल्याचं. मागे समीरच्या मुंजीचे फोटो बघताना तू सांगितलं होतंस, आणि गणपतीच्या आरतीला निघताना माझ्या साडीचा फॉल सुटला तेव्हा तर माझ्यावर प्रयोगच केलास. दारात उभी केलीस, "दातात काडी धर आणि बोलू नको," म्हणालीस, आणि खाली बसून टाके घातलेस. काडी धरली की शिवणाऱ्याला आणि नेसणाऱ्याला बाधत नाही म्हणे. मला गप्प बसवायचा तेवढा एकच उपाय तुला जन्मात सापडला होता. सगळ्या बायका हसत होत्या आणि मी काडी चावत उभी.

पण ती माझी साडी होती. ही दुसऱ्याच्या आईची बाहुली.

मग मी काय काय बोलले ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते विसरेन अशी मला भीती आहे. मला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायची सवय आहे.

"तू शिवणकाम करतेस की अंगारेधुपारे?" मी म्हणाले. "तिची आई गेलीय, ताई. तिच्या हातचे टाके होते ते. आता कुठून आणणार?"

"आई गेली. बाहुली नाही ना गेली," तू म्हणालीस. "जित्या पोरीला असं शिवून टाकतात होय? सांगू आपण कार्मेनला. समजेल ती."

"काही सांगायचं नाही. त्याच भोकांतून तसेच टाके घाल. आजच्या आज."

"अंगावर नाही हो मी घालायची."

"मग मी सांगते तिला. ताईंनी केलं, मला विचारलंसुद्धा नाही, असं सांगते."

तू माझ्याकडे बघितलंस. तूच म्हणालीस ना गो उसव म्हणून, एवढं म्हणाली असतीस तरी मी तोंडावर आपटले असते. तू म्हणाली नाहीस. चष्मा काढून पुसलास आणि म्हणालीस, "सांग. तसंच सांग."

मला त्या दोन शब्दांचा जो राग आला! हरल्यासारखं करून मला हरवायची ही तुझी रीत. मी दार आपटून आले.

तीन दिवस आपण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मी दाराच्या भोकातून बघितलं, तू उभी होतीस, हातात कापडी पिशवी. टोपीची झालर पिशवीतून बाहेर आलेली. तू परत बेल वाजवलीस. मी श्वास रोखून उभी राहिले, स्वतःच्याच घरात चोरासारखी. मनात म्हणत होते, अजून एक दिवस जळू दे हिला. तू थोडा वेळ थांबलीस, पिशवीतली टोपी नीट आत सारलीस आणि गेलीस. काय सांगायला आली होतीस? टाके घालते म्हणणार होतीस? की तसं कधीच घालणार नाही म्हणून सांगायला आली होतीस? मी दोन्ही बाजूंनी खूप विचार करून पाहिला. तू काही हाताला लागत नाहीस.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी भाऊजींनी माझं दार बडवलं. तू चहा टाकता टाकता ओट्यापाशी बसलीस ती उठलीच नाहीस. हृदय, असं नंतर कळलं. माझ्या अंगावर गाऊन होता, पायात चप्पल नव्हती. तुझा हात गरम होता, आणि चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

कागदपत्रं व्हायला दोन दिवस गेले. पेटीत ठेवण्याआधी साडी नेसवायला बायका हव्या होत्या, म्हणून मी आणि वरच्या मजल्यावरच्या सावंतबाई इस्पितळाच्या शवागारात गेलो. तुझी जांभळी नारायणपेठ आणली होती. निऱ्या बसेनात, पदर खांद्यावर राहीना, सारखा घसरायचा. तिथली ओमानी बाई हलकेच म्हणाली, "यल्ला, सिस्टर," आता उरका म्हणून. सावंतबाईंनी पर्स उपसली, पिन मिळाली नाही. माझ्या पर्समध्ये सुईदोरा होता, तूच ठेवायला लावलेला.

मी तुझ्या खांद्यावर दोन टाके घातले. अंगावर. सावंतबाई मान फिरवून रडत होत्या. माझी बोटं तुझ्या खांद्याला लागत होती आणि खांदा फार थंड होता. तेव्हा मला तुझं ते शास्त्र डोक्यात नाही, हातात समजलं. पदर आता घसरत नव्हता आणि मला तो घसरायला हवा होता, तू हात वर करून तो सावरायला हवा होतास. आयुष्यात एवढं वाईट शिवण मी केलेलं नाही आणि एवढं पक्कंही नाही.

घरी येताना मी ठरवलं होतं की कार्मेन यायच्या आत बाहुलीला टाके घालून टाकायचे. भोकं अजून कापडावर दिसतात, तशाच लाल दोऱ्याची लडी शिल्लक आहे, माझा हात तुझ्याइतका नाही तरी बरा आहे. तिला कळणारसुद्धा नाही. तेव्हापासून मी पाच वेळा सुई ओवली. सुई पोटाच्या कापडाला टेकवते आणि मला तुझा खांदा आठवतो. तर तो मार्ग संपला. ते श्रेय तुझं.

आता दुसरा मार्ग उरला, आणि तो फार सोपा आहे. मी कार्मेनला म्हणणार, ताईंनी उसवलं, त्यांची तशी श्रद्धा होती, मी घरी नव्हते. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. ती तुझ्या फोटोकडे बघेल आणि विरघळेल. मेलेल्या माणसावर कोण रागावतं? ती मला मिठी मारेल, आम्ही दोघी रडू, मी चहा करीन. तू रागवायची नाहीस. तशी परवानगीच देऊन गेली आहेस, तसंच सांग म्हणून. मला तुझा संताप येतो, ताई. एवढी मोठी पळवाट माणसानं माणसासाठी उघडी टाकून जाऊ नये.

साडेतीन वाजले. मी तोंड धुऊन येते.

सव्वासहा. ती गेली.

पांढरी फुलं घेऊन आली होती. तुझ्या फोटोपुढे ठेवली, हात जोडले, आपण जोडतो तसे नाही, बोटांत बोटं गुंतवून. तू केलेल्या दहा बाहुल्या, त्या अबोल्याच्या तीन दिवसांत परकर घालून पुऱ्या केलेल्या, मी रांगेनं मांडून ठेवल्या होत्या. ती एकेकीची शाल नीट करत गेली. नवव्या बाहुलीची तू पुन्हा डावीकडून सोडलीस, दिसलं का तुला? ती हसली, आणि तिचे डोळे भरले. मग म्हणाली, "आणि माझी?"

मी ती दिली. तिनं हातात घेतली आणि तिला लगेच कळलं. अंधारातही कळलं असतं. अंगठा तिनं सरळ कमरेवरून फिरवला, टिचबटण लागलं आणि ते टक्‌ करून उघडलं.

"हे काय?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दीदी ओपन्ड इट. तीनच तर शब्द, त्यात माझ्या नावाला जागाच नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, उसव म्हणून मी सांगितलं. ताईनं माझं ऐकलं. मग परत शिवायला ती तयार होईना, कारण अंगावर शिवतात ते मेलेल्याचं असं ती मानायची, तर मी तिला टाकून बोलले. तुला, कार्मेन, तिचंच नाव सांगीन अशी धमकी दिली. ती माझ्या दाराशी आली तेव्हा मी दार उघडलं नाही. माझं इंग्लिश वाटेत दोनदा मोडलं. मी सगळं सांगितलं.

ती बराच वेळ बटण उघडत आणि लावत बसली. मग बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. ती लहानपणी बाहुलीचे परकर सारखे काढायची, दोन नदीत वाहून गेले. गावाबाहेर शाळेला पाठवायची वेळ आली तेव्हा आईनं नवे तीन परकर केले आणि अंगावरच शिवून टाकले. म्हणाली, आता तुझ्या पोरीला तिथे थंडी वाजायची नाही.

"तिनंही मला विचारलं नव्हतं," कार्मेन म्हणाली. "मी खूप रडले होते."

मला वाटलं, सुटले. मी पुढे सरकून तिच्या हातावर हात ठेवायला गेले. तिनं हात काढून घेतला.

"पण ती माझी आई होती," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

मी पुढे केलेला हात परत मांडीवर घेतला.

तिनं तिसरा परकर घडी करून पर्समध्ये ठेवला, वाटीतले दोऱ्याचे तुकडे कागदात बांधून घेतले. दहा बाहुल्यांसाठी नवरा गाडी घेऊन येईल म्हणाली. दारात तुझ्या फोटोकडे वळून म्हणाली, "त्यांच्यावर मला रागावता येत नाही. तुमच्यावर येतं." आणि जिना उतरून गेली, बाहुली तशीच पोटाशी, आल्या दिवशी होती तशी. मी खिडकीतून बघत होते. तिनं वर पाहिलं नाही.

मला बरं वाटलं, ताई. तुला हसू येईल, पण खरंच. बारा दिवस सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, किती केलंस तिचं, सख्खी बहीण नाही करणार, आणि मी मान डोलवत होते. ती एक बाई मला म्हणाली की चूक तुमची आहे. मग मी तुझ्या खुर्चीवर बसून मनसोक्त रडले. तू गेलीस तेव्हा रडले होते ते लोकांबरोबर.

कार्मेनला मी सांगितलं. दहा मिनिटं लागली. तुलाही हेच सांगायचं होतं, आणि तेव्हा तू माझ्या बंद दाराबाहेर उभी होतीस.